अँटिबायोटिक कसं निवडतात: पंचवटीतल्या एका फॅमिली डॉक्टरची रीत

निफाडकडचे एक द्राक्षबागायतदार श्रावणात आईला घेऊन माझ्या पंचवटीतल्या दवाखान्यात आले. आई ५८ वर्षांच्या, उन्हाळी लागलेली. तीन दिवस थेंब थेंब लघवी आणि जळजळ. मी काही विचारायच्या आतच मुलगा म्हणाला, "डॉक्टरसाहेब, जरा पावरफुल लिहा. मागच्या वेळी मेडिकलमधून आणलेल्या गोळ्यांनी तेवढ्यापुरतंच बरं वाटलं होतं."

"भाऊ, बागेत भुरी दिसली तर काय मारता?"

"भुरीचंच औषध."

"डाऊनीचं महागातलं का नाही मारत?"

"त्यानं भुरी जाते होय?"

"आणि एकच औषध दर आठवड्याला मारलं तर?"

"मग ते लागू पडायचं थांबतं. औषध बदलावं लागतं."

भुरी आणि डाऊनी हे द्राक्षावरचे दोन वेगळे रोग. आपल्या जिल्ह्यात हे शहाणपण शेतकऱ्याच्या घराघरात आहे. रोग ओळखल्याशिवाय फवारणी नाही, आणि एकच औषध पुन्हा पुन्हा नाही. माणसाच्या अंगातल्या जंतूंचाही हिशेब असाच असतो. फरक एवढाच, की बागेसाठी डोळे उघडे ठेवणारा माणूस घरी ताप आला की मेडिकलवर जाऊन "एक अँटिबायोटिक द्या" म्हणतो.

अँटिबायोटिक निवडताना मी कोणत्या क्रमानं विचार करतो, ते इथे लिहितो आहे. औषधांची नावं लिहिली आहेत, म्हणजे हातातली चिठ्ठी तुम्हाला वाचता येईल आणि डॉक्टरांना नेमका प्रश्न विचारता येईल. डोस मुद्दाम लिहिलेले नाहीत. ते वजन, किडनी, गरोदरपण आणि चालू औषधं पाहूनच ठरतात. हे वाचून गोळ्या आणायला जाऊ नका, एवढी विनंती.

पहिली पायरी: मुळात बॅक्टेरिया आहेत का?

अँटिबायोटिक फक्त बॅक्टेरियावर चालतं. पडसं, फ्लू, बहुतेक घसादुखी, साधा ब्राँकायटिस (श्वासनळ्यांची सूज), डेंग्यू, चिकनगुनिया हे सगळे विषाणूंचे आजार. तिथे अँटिबायोटिक दिलं की आजार आपल्या वेळेनंच बरा होतो, आणि मधल्या मधे पोटातले उपयोगी जंतू मरतात, जुलाब लागतात, अंगावर पुरळ येतं. उरलेले चिवट जंतू पुढच्या आजारासाठी तयार होतात.

"डॉक्टर, कफ पिवळा पडलाय" हे मी रोज ऐकतो. कफाला पिवळा-हिरवा रंग आपल्याच पांढऱ्या पेशींमुळे येतो. विषाणूच्या सर्दीतही तो येतो. रंगावरून काहीही ठरत नाही. साध्या विषाणूजन्य खोकल्याला पूर्ण थांबायला दोन-तीन आठवडे लागू शकतात. पाचव्या दिवशी खोकला राहिला म्हणून औषध बदलायला आलेल्या माणसाला मी हेच सांगतो.

घशासाठी चार गोष्टी पाहायच्या: ताप आहे का, टॉन्सिलवर पांढरे-पिवळे ठिपके किंवा सूज आहे का, गळ्याच्या पुढच्या गाठी दाबल्यावर दुखतात का, आणि खोकला नाही ना. चौथी गोष्ट लोकांना उलटी वाटते, पण खोकला, वाहणारं नाक आणि बसलेला आवाज असेल तर तो बहुधा विषाणूच असतो. चारांपैकी तीन-चार खुणा जुळल्या, त्यातही ५ ते १५ वर्षांचं मूल असेल, तर स्ट्रेप्टोकोकस या बॅक्टेरियाचा विचार करायचा.

सायनसचं दुखणं दहा दिवसांहून जास्त रेंगाळलं, किंवा बरं होत आलेलं दुखणं ताप घेऊन पुन्हा उसळलं, तरच अँटिबायोटिकचा विषय निघतो. दोन वर्षांवरच्या मुलाचा एक कान दुखतोय, ताप कमी आहे, मूल खेळतंय, तर वेदनाशामक देऊन दोन-तीन दिवस वाट पाहता येते. ही वाट पाहणंही उपचारच आहे. पालकांना ते पटवायला मला चिठ्ठी लिहिण्यापेक्षा पाचपट वेळ लागतो, आणि तो वेळ मी देतो.

दुसरी पायरी: संसर्ग कुठे आहे?

जागा कळली की तिथे साधारण कोणते जंतू सापडतात ते कळतं, आणि औषध त्यावरून ठरतं. सगळ्यात जास्त चुका इथेच होतात, म्हणून इथे जरा थांबतो.

*लघवी.* बायकांच्या मूत्राशयाच्या संसर्गात बहुतेक वेळा ई. कोलाय हा आतड्यातलाच जंतू असतो. भारतात या जंतूवर सिप्रोफ्लॉक्सासिन, नॉरफ्लॉक्सासिनसारखी औषधं आता बेभरवशाची झाली आहेत. आपण ती गेल्या तीस वर्षांत कशालाही वापरली, त्याचंच हे फळ. नायट्रोफ्युरँटॉइन मात्र जुनं असूनही बऱ्यापैकी टिकून आहे. ते लघवीत उतरतं आणि बाकीच्या अंगात फारसं राहत नाही, त्यामुळे इतर जंतूंना त्याची सवय कमी लागते. साधारण पाच दिवसांचा कोर्स. दुसरा पर्याय फॉस्फोमायसिनच्या पुडीचा, एकदाच घ्यायची.

पण थंडी वाजून ताप, कमरेच्या वर एका बाजूला दुखणं आणि उलट्या असतील, तर संसर्ग किडनीपर्यंत चढला आहे. तिथे नायट्रोफ्युरँटॉइन देणं म्हणजे आग रामेश्वरी आणि बंब सोमेश्वरी. किडनीच्या मांसात ते पुरेसं पोहोचतच नाही. अशा वेळी रक्तातून किडनीत उतरणारं औषध लागतं, पुष्कळदा इंजेक्शनच.

निफाडच्या त्या आईंना ताप नव्हता, पाठ दुखत नव्हती. किडनीचं काम कळावं म्हणून रक्तातलं क्रिएटिनिन तपासलं, ठीक होतं. लघवी कल्चरला, म्हणजे जंतू वाढवून त्यावर कोणतं औषध चालतं ते बघण्याच्या तपासणीला पाठवली आणि नायट्रोफ्युरँटॉइन सुरू केलं. रिपोर्ट आला तेव्हा जळजळ थांबलेली होती. जंतू ई. कोलायच निघाला, सिप्रोफ्लॉक्सासिनला दाद न देणारा. मागच्या वेळच्या गोळ्यांची रिकामी पट्टी मुलानं खिशातून काढून दाखवली. ती सिप्रोफ्लॉक्सासिनचीच होती.

आणखी एक गोष्ट. काहीही त्रास नसताना नुसत्या तपासणीत लघवीत जंतू दिसले, तर गरोदर बाई किंवा मूत्रमार्गाचं ऑपरेशन ठरलेला रुग्ण सोडून त्याला अँटिबायोटिक लागत नाही. वयस्कर माणसांच्या रिपोर्टवर "पस सेल्स", म्हणजे पुवाच्या पेशी, वाचून घाबरलेली मुलं येतात. आजी-आजोबांना जळजळ, ताप काही नसेल तर मी त्यांना तसंच घरी पाठवतो.

*घसा.* स्ट्रेप्टोकोकस वाटला तर पेनिसिलिन किंवा अमॉक्सिसिलिन. आपल्या पिंपरीच्या हिंदुस्तान अँटिबायोटिक्समध्ये १९५०च्या दशकात पेनिसिलिन बनू लागलं. इतक्या वर्षांनंतरही घशातल्या या जंतूनं पेनिसिलिनला दाद देणं सोडलेलं नाही. असं असताना तीन गोळ्यांच्या अझिथ्रोमायसिनचा मोह मला समजत नाही, कारण त्याला हा जंतू काही वेळा जुमानत नाही. आपल्याकडे पेनिसिलिन-अमॉक्सिसिलिनचा हा कोर्स दहा दिवसांचाच द्यावा लागतो. घसा तिसऱ्या दिवशी बरा वाटतो, पण पुढचे दिवस हृदयासाठी असतात. अर्धवट उपचारानं पुढे संधिवाताचा ताप येऊन हृदयाच्या झडपा खराब होऊ शकतात. असा झडपेचा आजार घेऊन आलेल्या तरुण मुली मी पाहिल्या आहेत.

*त्वचा.* करट, केसतूड, गळू यात पू झाला असेल तर खरा उपचार म्हणजे तो काढणं. पू कोंडलेला असताना गोळ्यांचा मारा वाया जातो. धावरं, म्हणजे लाल, गरम, दुखरी, पसरत जाणारी त्वचा, यात स्ट्रेप्टोकोकस आणि स्टॅफिलोकोकस दोघांचा विचार करून सेफॅलेक्सिन किंवा क्लॉक्सासिलिनसारखं औषध, साधारण पाच दिवस. मी लालीच्या कडेवर बॉलपेननं रेघ मारून देतो. दोन दिवसांनी लाली रेघेच्या बाहेर गेली तर लगेच या, म्हणून सांगतो. पायाच्या बोटांतल्या चिखल्या बऱ्या केल्याशिवाय धावरं पुन्हा पुन्हा येतं. मधुमेह असलेल्यांनी पायाची जखम एक दिवसही अंगावर काढू नये.

*जुलाब.* पाण्यासारखे जुलाब बहुतेक विषाणूचे असतात. ओआरएस, घरची पेज, आणि मुलांना १४ दिवस झिंक. ओफ्लॉक्सासिन आणि ऑर्निडाझोल एकत्र असलेली गोळी आपल्याकडे जुलाबाला हटकून दिली जाते. अशा ठरावीक जोड्या वापरू नयेत असं जागतिक आरोग्य संघटना सांगते, आणि मीही लिहीत नाही. शौचात रक्त आणि सोबत ताप असेल, किंवा तांदळाच्या धुवणासारखे जुलाब थांबतच नसतील, तर गोष्ट वेगळी. तेव्हा दवाखाना गाठा.

*लांबलेला ताप.* पावसाळ्यात नाशिकमध्ये ताप आला की डेंग्यू, मलेरिया, टायफॉइड, लेप्टोस्पायरोसिस सगळे रांगेत असतात. टायफॉइड म्हणजे मुदतीचा ताप. एकट्या विडाल टेस्टवरून टायफॉइड ठरवू नये. ती रक्तातली प्रतिपिंडं, म्हणजे जंतूविरुद्ध शरीरानं बनवलेली प्रथिनं, मोजते. पूर्वीच्या आजारानं किंवा लसीनं ती पॉझिटिव्ह येऊ शकते आणि पहिल्या आठवड्यात खरा टायफॉइड असूनही निगेटिव्ह येऊ शकते. खात्रीचं म्हणजे ब्लड कल्चर, तेही अँटिबायोटिकचा पहिला डोस द्यायच्या आधी. उपचाराला अझिथ्रोमायसिन, आणि आजार जास्त असेल तर सेफ्ट्रिॲक्झोनची इंजेक्शनं. योग्य औषध सुरू झाल्यावरही टायफॉइडचा ताप उतरायला चार ते सहा दिवस लागतात. तिसऱ्या दिवशी डॉक्टर बदलला की औषधही बदलतं, आणि मग कुणालाच काही कळत नाही.

शेतात, गवतात काम करणाऱ्यांच्या तापात मी काख, जांघ, कमरपट्ट्याखालची जागा मुद्दाम बघतो. तिथे सिगारेटचा चटका बसल्यासारखी काळी खपली दिसली तर स्क्रब टायफस. बारीक किड्याच्या अळीच्या चाव्यातून तो येतो. यावर डॉक्सिसायक्लीन चालतं आणि ताप पुष्कळदा दोन दिवसांत उतरतो. अमॉक्सिसिलिन, सेफ्ट्रिॲक्झोन इथे कितीही महाग घ्या, कामाची नाहीत.

*छाती.* न्यूमोनिया ओळखायला श्वास मोजा. शांत बसलेल्या मोठ्या माणसाचे मिनिटाला ३० किंवा जास्त, एक ते पाच वर्षांच्या मुलाचे ४० किंवा जास्त, दोन महिने ते एक वर्षाच्या बाळाचे ५० किंवा जास्त श्वास, किंवा ऑक्सिजन ९४च्या खाली, हे धोक्याचे आकडे. साध्या न्यूमोनियात अमॉक्सिसिलिन पहिलं.

आणि इथे एक कळकळीची सूचना. दोन आठवड्यांहून जास्त खोकला असेल तर आधी थुंकीची टीबी तपासणी करा, सरकारी दवाखान्यात ती मोफत होते. तोपर्यंत लिव्होफ्लॉक्सासिन घेऊ नका. ते टीबीच्या जंतूलाही थोडं लागतं. महिनाभर बरं वाटतं, तपासणी चुकते, निदान लांबतं, आणि जंतू ते औषध ओळखायला शिकतो. सातपूरच्या कारखान्यात काम करणारा एक तरुण असाच तीन ठिकाणी औषधं घेत घेत माझ्याकडे आला. तोवर त्याच्या घरातल्या लहान मुलीलाही टीबी झालेला होता.

*दात.* किडलेल्या दाताच्या मुळाशी पू असेल तर दाताचा डॉक्टरच लागतो. गोळ्यांनी सूज ओसरते आणि महिन्याभरात परत येते.

तिसरी पायरी: नमुना आधी, गोळी नंतर

पहिल्यांदाच झालेल्या, ताप नसलेल्या तरुण बाईच्या जळजळीला कल्चर लागेलच असं नाही. पण वारंवार होणारा लघवीचा संसर्ग, गरोदरपण, पुरुषाचा लघवीचा संसर्ग, टायफॉइडची शंका आणि न भरणारी जखम, इथे पहिल्या गोळीच्या आधी नमुना जायलाच हवा. एक गोळी पोटात गेल्यावरही कल्चर निगेटिव्ह येऊ शकतं.

लघवीचा नमुना नीट द्या: जागा पाण्यानं धुवा, पहिली धार सोडून द्या, मधली धार निर्जंतुक डबीत घ्या. तासा-दोन तासांत लॅबमध्ये पोहोचवा, नाहीतर फ्रिजमध्ये ठेवा. ओझरहून किंवा सिन्नरहून उन्हात दोन-चार तास राहून आलेल्या डबीत जंतू वाढलेले असतात, आणि रिपोर्ट वाचून उगाच घबराट होते.

रिपोर्टमध्ये औषधांसमोर एस किंवा आर असतं. एस म्हणजे चालेल, आर म्हणजे चालणार नाही. शेजारी एमआयसीचा, म्हणजे जंतूची वाढ रोखायला लागणाऱ्या कमीत कमी औषधाचा आकडा असतो, आणि लोक सगळ्यात लहान आकड्याचं औषध सगळ्यात चांगलं समजतात. वेगवेगळ्या औषधांचे आकडे एकमेकांशी लावून बघता येत नाहीत. एस असलेल्या औषधांतलं साधं, तोंडानं घ्यायचं, त्या जागी पोहोचणारं औषध निवडायचं असतं.

चौथी पायरी: समोर बसलेला माणूस

"पेनिसिलिनची ॲलर्जी आहे" असं सांगणाऱ्या दहांतल्या साधारण नऊ जणांना तपासल्यावर ती नसते. लहानपणी विषाणूच्या तापात पुरळ आलं आणि नाव औषधाचं झालं. म्हणून मी विचारतो: नक्की काय झालं होतं, किती वेळात, सूज आली का, श्वास अडकला का? नुसती मळमळ ही ॲलर्जी नव्हे. पण ओठ-चेहरा सुजणं, दम लागणं, चक्कर येऊन पडणं झालं असेल तर ते औषध पुन्हा नाही, आणि तसं कागदावर लिहून पाकिटात ठेवायचं.

गरोदर बाईला सहसा अमॉक्सिसिलिन, सेफॅलेक्सिन सुरक्षित. सिप्रोफ्लॉक्सासिन, डॉक्सिसायक्लीन टाळतो. दिवस भरत आले की नायट्रोफ्युरँटॉइनही नको. किडनी कमजोर असेल तर ते चालतच नाही. वयस्करांत सिप्रो-लिव्होनं घोट्यामागची शीर दुखावते, क्वचित तुटते. ग्लिमेपिराइड घेणाऱ्या मधुमेहींत साखर एकदम उतरू शकते. रक्त पातळ करणारं वॉरफरिन चालू असेल तर मेट्रोनिडाझोल आणि कोट्रायमोक्साझोल रक्तस्रावाचा धोका वाढवतात. म्हणून येताना चालू गोळ्यांच्या पट्ट्या पिशवीत घालून आणा, आयुर्वेदिकसुद्धा.

पाचवी पायरी: चालेल त्यातलं साधं

जागतिक आरोग्य संघटनेनं अँटिबायोटिक्सचे तीन गट केले आहेत. ॲक्सेस गटातली रोजच्या वापराची: अमॉक्सिसिलिन, सेफॅलेक्सिन, डॉक्सिसायक्लीन, नायट्रोफ्युरँटॉइन. वॉच गटातली जपून वापरायची: अझिथ्रोमायसिन, सेफिक्झिम, सेफ्ट्रिॲक्झोन, सिप्रोफ्लॉक्सासिन. रिझर्व्ह गटातली शेवटची, जसं कोलिस्टिन आणि लिनेझोलिड. साध्या पडशाला सेफिक्झिम लिहिलेली चिठ्ठी हाती आली तर नम्रपणे विचारा, "डॉक्टर, यापेक्षा साधं चालेल का?" चांगल्या डॉक्टरला या प्रश्नाचा राग येत नाही.

१ मार्च २०१४ पासून देशात शेड्यूल एच-१ ही जपून विकायच्या औषधांची यादी लागू आहे. यादीतल्या औषधांवर लाल चौकटीत सूचना असते, आणि मेडिकलवाल्यानं रुग्ण, डॉक्टर, औषध यांची नोंद करून ती तीन वर्षं ठेवायची असते. तो चिठ्ठी मागतो तेव्हा तो कायदा पाळत असतो. त्याच्याशी भांडू नका.

सटाणा-देवळ्याकडे डाळिंबावरच्या तेल्या रोगासाठी स्ट्रेप्टोसायक्लीन फवारलं जात आलं आहे. त्या पुडीत स्ट्रेप्टोमायसिन आणि टेट्रासायक्लीन असतं, म्हणजे माणसाचीच औषधं. स्ट्रेप्टोमायसिन हे टीबीवरचं पहिलं परिणामकारक अँटिबायोटिक. बागायतदार रुग्णांना मी हे आवर्जून सांगतो, कारण माती आणि पाणी दोन्ही आपलंच आहे.

सहावी पायरी: किती दिवस, आणि तिसऱ्या दिवशी काय

साधा न्यूमोनिया लवकर आटोक्यात आला तर पाच दिवस पुरतात, धावऱ्यालाही तेवढेच. घशाचे दहा मी वर सांगितलेच. दिवस वाढवल्यानं आजार जास्त बरा होत नाही. ठरलेले दिवस मात्र पूर्ण करा. पुरळ आलं, दम लागला, तर थांबवा आणि फोन करा.

सुरू केल्यावर ४८ ते ७२ तासांत मी पुन्हा बघतो. फरक नसेल तर पहिला प्रश्न "आणखी भारी कोणतं?" हा नसतो. निदानच चुकलं का, कुठे पू कोंडला आहे का, गोळ्या वेळेवर घेतल्या का, उलटीत पडल्या का, हे आधी. मूल सुस्त पडलं, लघवी बंद झाली, माणूस बरळायला लागला, हातपाय गार पडले, तर तिसऱ्या दिवसाची वाट नको, तडक हॉस्पिटल.

उरलेल्या गोळ्या डब्यात जपून ठेवू नका आणि शेजारणीला देऊ नका.

घ्यायची रीतही लक्षात ठेवा. डॉक्सिसायक्लीन भरपूर पाण्यासोबत, बसून घ्या आणि अर्धा तास आडवं होऊ नका, नाहीतर अन्ननलिकेत जखम होते. डॉक्सिसायक्लीन आणि सिप्रो दूध, कॅल्शियम, लोहाच्या गोळ्या किंवा ॲसिडिटीच्या पातळ औषधासोबत घेऊ नका, ती अंगात शोषली जात नाहीत. नायट्रोफ्युरँटॉइन जेवणानंतर. लघवी गडद पिवळी-तपकिरी झाली तर घाबरू नका, तो औषधाचाच रंग. मुलांच्या औषधाच्या पावडरच्या बाटलीत उकळून गार केलेलं पाणी खुणेपर्यंत घालायचं, दर वेळी हलवायचं, आणि चहाचा चमचा न वापरता सोबतच्या मापानं मोजून द्यायचं. अमॉक्सिसिलिन-क्लॅव्हुलॅनिक ॲसिडची कालवलेली बाटली फ्रिजमध्ये ठेवा आणि सात दिवसांनी उरलेलं टाकून द्या. बाटलीवर कालवल्याची तारीख पेननं लिहून ठेवली की आज कितवा दिवस यावर घरात वाद होत नाही.